ट्रान्सफर केसला हात लागत नाही, म्हणून ती बदलायची का?

प्रश्न थोडक्यात असा. लिलावातून घेतलेला जुना शक्तिमान, म्हणजे फौजी ट्रक, आहे. धामनोदकडच्या शेतात माल भरतात, मानपूरचा घाट चढतात आणि इंदूरला येतात. महूपर्यंत पोचता पोचता ट्रान्सफर केस (गिअर बॉक्समधून आलेली ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटून देणारा गिअरचा डबा) इतकी तापते की हात ठेवता येत नाही, खालून जळकट वासही येतो. दोन मिस्त्रींनी दोनदा केस खोलली. बेअरिंगं नवी, तेल अडवणारी रबरी सीलं नवी. एकाने वर ९० नंबरच्या जागी १४० नंबर, म्हणजे जास्त जाड, तेल भरलं. फरक शून्य. आता तिसरा मिस्त्री म्हणतो, अख्खी केसच बदला, दिल्लीच्या मायापुरीतून मागवून देतो. "काका, बदलू का?"

नका बदलू. निदान हे सगळं वाचून होईपर्यंत तरी नको.

मी फौजी वर्कशॉपात बावीस वर्षं काढली आणि त्यानंतर इथे इंदुरात, देवास नाक्याच्या बाजूला, स्वतःचं छोटं गॅरेज चालवतो. तापलेली ट्रान्सफर केस घेऊन आलेल्या गाड्यांपैकी ज्यांचा दोष खरोखर केसच्या पोटात होता, अशा थोड्या. बाकीच्यांत केस बिचारी दुसऱ्याचं दुखणं भोगत होती. टायरांचं, हँडब्रेकचं, तेल भरणाऱ्याच्या अंदाजाचं, नाहीतर ड्रायव्हरच्या डाव्या हाताचं. तुमच्या प्रश्नात शेवटी तुम्ही सहज दोन वाक्यं टाकली आहेत: पुढची टायरं यंदाच नवीन घातली, मागची रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेली) आहेत, आणि फोर बाय फोरचा (चारही चाकांना ताकद देण्याचा) लिव्हर कधी कधी अडकतो, गाडी जरा मागे घेतली की सुटतो. माझ्या मते तुमचा प्रश्न आणि त्याचं उत्तर, दोन्ही याच दोन वाक्यांत आहेत. पण ते सांगण्याआधी "तापते" म्हणजे किती, हे ठरवू.

हात हा वाईट थर्मामीटर आहे. लोखंड ५० अंशांवर गेलं की आपण हात फार वेळ ठेवत नाही, ६० अंशांना काही सेकंदांत चटका बसतो. आणि भार ओढणाऱ्या ट्रकची ट्रान्सफर केस ८०-९० अंशांवर जाणं हे अगदी रोजचं आहे. मे महिन्यात बाहेरच ४२ असतं, त्यात घाट चढून आलेली केस ९५-१०० दाखवत असेल तर मी तिला तापलेली म्हणणार नाही, दमलेली म्हणेन. ११०च्या पुढे मी लक्ष देतो. १२०च्या पुढे गाडी उभी करायला सांगतो, कारण साधं नायट्राइल रबराचं सील त्या उष्णतेत कडक होत जातं आणि साधं खनिज गिअर ऑइलही झपाट्याने म्हातारं होतं. तेलाच्या बाबतीत जुना ठोकताळा असा, की दर १० अंशांना त्याचं सडणं साधारण दुप्पट होतं. म्हणजे ९० अंशांवर दोन वर्षं टिकलं असतं ते तेल १२० वर तीन महिन्यांत काळं पडलं तर तेलवाल्याला शिव्या देऊ नका.

एवढी उष्णता येते कुठून, याचाही साधा हिशेब आहे. गिअरची एक जोडी एकमेकांत फिरते तेव्हा शंभरातला एखाद-दीड भाग ताकद घासण्यात आणि तेल घुसळण्यात जाते. केसमध्ये अशा दोन जोड्यांतून ताकद जाते असं धरा. घाटात तुमचं इंजिन ७५ किलोवॅट, म्हणजे साधारण शंभर अश्वशक्ती, देत असेल तर केसच्या आत दीड-दोन किलोवॅट उष्णता तयार होते. थंडीत आपण लावतो तो दोन सळ्यांचा हीटर डोळ्यांपुढे आणा. तो पूर्ण चालू करून एका लोखंडी डब्यात बंद केलाय आणि डब्याला थंड करायला फक्त खालून जाणारा वारा आहे. घाटात गाडीचा वेग वीस-पंचवीस, म्हणजे वाराही नाही. केस तापणारच. प्रश्न हा, की या हीटरशेजारी कुणी दुसरा हीटर लावून ठेवलाय का.

आता तुमच्या टायरांकडे येतो.

तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्या गाडीत पुढचा एक्सल लिव्हरने जोडायचा आणि सोडायचा आहे. जोडला की एक्सलांकडे जाणारे दोन फिरते दांडे, पुढचा आणि मागचा शाफ्ट, केसच्या आत एकमेकांना घट्ट बांधले जातात. दोघांनी सारखेच फेरे घ्यायचे, मधे सवलत नाही. चिखलात हे ठीक, चाक घसरतं आणि हिशेब चुकता होतो. धामनोदच्या काळ्या मातीत पावसाळ्यात तुम्हाला याची गरज पडणार, हे मला माहीत आहे. पण डांबरी रस्त्यावर चाक घसरत नाही. वळणावर पुढची चाकं मोठ्या घेराने जातात, मागची छोट्या घेराने, त्यामुळे पुढच्यांना जास्त फेरे हवे असतात. ते मिळत नाहीत म्हणून शाफ्टला पीळ बसतो. टायरं चारही सारखी असली तरी हे होतं, आणि घाट म्हणजे नुसती वळणंच.

तुमच्याकडे तर टायरंही सारखी नाहीत. ९.००-२०चं नवीन टायर आणि त्याच मापाचं झिजलेलं किंवा रिमोल्ड टायर यांच्या त्रिज्येत सेंटिमीटरभर फरक सहज पडतो. समजा, पुढच्याचा घेर ३.१६ मीटर आहे आणि मागच्याचा ३.०९. एका किलोमीटरला पुढचं चाक ३१६ फेरे घेऊ पाहतं आणि मागचं ३२३. दर किलोमीटरला सात फेऱ्यांचं भांडण. लग्नात सात फेऱ्यांनी जोडतात, इथे तेवढ्यांनीच मोडतं. हे सात फेरे कुठेतरी जिरले पाहिजेत. थोडे टायर घासून जिरतात, बाकीच्याचा पीळ शाफ्टांमध्ये, क्रॉसमध्ये (शाफ्टच्या वळत्या सांध्यात) आणि केसच्या दातांवर बसून राहतो. मग मागची चाकं रस्त्याकडून ताकद घेऊन पुढच्यांना देतात किंवा पुढची मागच्यांना, आणि ती ताकद रस्ता, चाक, शाफ्ट, केस, शाफ्ट, चाक अशी गोल गोल फिरत राहते. इंजिनाला याचा पत्ता फक्त "गाडी जड चालतेय" एवढाच. केसच्या दातांवर मात्र इंजिनाचा भार अधिक हा भार. दुसरा हीटर तो हाच.

लिव्हर अडकतो तोही याचमुळे. पीळ बसलेला असतो तेव्हा आतल्या दातेरी कड्यावर इतका दाब असतो की ते सरकतच नाही. गाडी दोन हात मागे घेतली की पीळ सुटतो आणि लिव्हर लोण्यासारखा निघतो. तुमचा ड्रायव्हर शेतातून निघताना लिव्हर ओढतो, तो येत नाही, "पुढे सुटेल" म्हणून तो निघतो आणि घाट चढून महूला येतो. किंवा लिव्हर आलाय असं त्याला वाटतं, पण कड्याला ढकलणारा फोर्क झिजल्याने आतलं कडं अर्धवटच सरकलेलं असतं. मी असा ट्रक पाहिलाय ज्यात लिव्हर टू-व्हीलच्या खाचेत होता आणि पुढचा शाफ्ट जोडलेलाच होता, कारण लिव्हरपासून केसपर्यंतच्या जोडदांड्यांची, म्हणजे लिंकेजची, पिन निम्मी झिजलेली होती.

खात्री करायला पैसे लागत नाहीत. माल भरलेला असतानाच, सपाट जागी, चारही कोपऱ्यांतल्या टायरांत ठरलेली हवा भरा. प्रत्येक टायरवर जमिनीला टेकतो तिथे खडूने रेघ मारा, जमिनीवरही मारा, गाडी सरळ पुढे घ्या, पाच फेरे मोजा आणि टेप लावा. एका फेऱ्यावर मोजाल तर चुकाल. मागे डबल टायर असेल तर आतलं आणि बाहेरचं दोन्ही बघा, कारण तिथे एकच टायर रस्त्याला टेकतंय आणि दुसरं शोभेला आहे, अशी स्थिती मी कितीदा तरी पाहिलीय. पुढच्या आणि मागच्या मापात एक टक्क्यापेक्षा जास्त फरक निघाला तर पक्क्या रस्त्यावर पुढचा एक्सल जोडून एक किलोमीटरही जाऊ नका.

दुसरी परीक्षा यापेक्षा निर्णायक आहे. पुढचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे केसपासून पुढच्या एक्सलला जाणारा दांडा, काढून ठेवा आणि त्याच रस्त्याने, तेवढाच माल घेऊन, त्याच वेळेला गाडी आणा. केस वीस-पंचवीस अंश थंड आली तर खेळ संपला, दोष केसच्या बाहेर आहे. पण दोन सावधगिऱ्या. पीळ बसलेला असताना शाफ्टचे बोल्ट सोडू नका, शेवटचा बोल्ट ढिला होताच शाफ्ट उसळतो आणि बोटं जातात. आधी गाडी कच्च्यात मागेपुढे घ्या, चाकांना ठोकळे लावा, मग पाना लावा. आणि ज्या गाड्यांत केसच्या आत मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या शाफ्टला वेगवेगळे फेरे घेऊ देणारा) असतो, त्यांत शाफ्ट असा काढून चालवायचं नाही.

अमेरिकन फौजी एम-३५ ट्रकची माहिती वाचून काही लोक मला विचारतात की "त्यात तर पुढचा एक्सल आपोआप जोडला जातो, मग आपल्यात का नाही." त्या ट्रकच्या एका जातीत स्प्रॅग क्लच असतो. मागची चाकं घसरून पुढच्यांपेक्षा जास्त फिरायला लागली की तो पुढचा एक्सल स्वतःच पकडतो. कल्पना चांगली, पण तिथेही टायरांचाच हिशेब आहे. पुढे नवी मोठी टायरं आणि मागे झिजलेली घातली की पुढचा शाफ्ट हळू पडतो, स्प्रॅगला वाटतं की मागची चाकं घसरताहेत, आणि तो कोरड्या रस्त्यावर दिवसभर पकडून बसतो. म्हणजे तुमच्याच चुकीची तिथली आवृत्ती. कुठल्याही फौजी ट्रकला नवी टायरं घालायची तर चारही किंवा सहाही एकदम घाला, नाहीतर जुनी जुळवून घाला.

टायरं जुळली, लिव्हर नीट सुटतोय, तरी तापते असं समजा. मग पुढे काय बघायचं, ते माझ्या क्रमाने सांगतो. यातलं निम्मं झोपून, टॉर्च घेऊन, अर्ध्या तासात होतं.

हँडब्रेक. बऱ्याच जुन्या फौजी गाड्यांत हँडब्रेक चाकांवर नसतोच, केसच्या मागच्या बाजूला, शाफ्टवर ड्रम असतो. जोंगात (फौजी जीपसारखी गाडी) तसाच आहे, जुन्या विलिस जीपमध्येही तसाच. तुमच्या गाडीत कुठे आहे ते आधी खाली वाकून बघा. ड्रम केसवर असेल आणि केबल गंजून अडकली किंवा कुणी जास्त ताणून बसवली, तर लायनिंग कायम घासत राहतं आणि सगळी उष्णता शाफ्टवाटे मागच्या बेअरिंगमध्ये जाते. खूण अशी की केसचा मागचा भाग पुढच्या भागापेक्षा खूप गरम आणि वास तेलाचा नाही, ब्रेकचा. माझ्याकडे एक जोंगा आली होती, तिचं मागचं सील एका वर्षात चौथ्यांदा बदललं होतं. गाळलेलं तेल ड्रममध्ये जाई, ब्रेक धरत नसे, म्हणून मालक केबल आणखी ताणून घेई, त्याने ड्रम आणखी तापे आणि सील आणखी जळे. केबल ढिली केली, लायनिंग बदललं, सील पाचव्यांदा घातलं. ते अजून आहे.

ब्रीदर. केसच्या माथ्यावर बोटाच्या पेराएवढी पितळी किंवा लोखंडी टोपी असते, तिच्यातून आतली गरम हवा बाहेर पडते. लिलावातल्या गाड्यांची एक खास अडचण आहे. विकायच्या आधी किंवा घेतल्यावर कुणीतरी खालून-वरून सगळ्या चॅसीला स्प्रेने रंग मारतो आणि ब्रीदरचं भोक रंगाने बुजतं. मग आत हवा फुगते आणि तेल सीलातून ढकलते. तेल कमी होतं, कमी तेलावर केस तापते, आणि मिस्त्री सील बदलतो. टोपी काढा, डिझेलमध्ये धुवा, तोंडाने फुंकून बघा. फुंकर आरपार गेली पाहिजे. पावसाळ्यात याची उलटी गंमत होते: गरम केस घेऊन तुम्ही रपट्यावरच्या पाण्यात उतरता, केस एकदम थंड होते, आतली हवा आकसते आणि सील किंवा ब्रीदर पाणी आत ओढतं. दुसऱ्या दिवशी तेल दुधाच्या कॉफीसारखं दिसतं. रपट्याआधी दहा मिनिटं थांबा. घाई असली तर निदान ब्रीदरला रबरी नळी लावून तिचं तोंड केबिनच्या उंचीला नेऊन बांधा.

तेल. इथे मला दोनदा बोलायचं आहे, एकदा किती आणि एकदा कुठलं.

किती: गाडी सपाट जागी, थंड असताना, फिलर प्लगच्या ओठापर्यंत. बोट घातलं तर पहिल्या पेराला तेल लागलं पाहिजे आणि प्लग काढताच धार लागता कामा नये. "थोडं जास्त भरलं तर बरंच" हा आमच्या धंद्यातला सर्वांत महाग समज आहे. जास्त तेलात गिअर ताक घुसळावं तसं घुसळतो, फेस होतो, फेसाला ना दातांना वंगण देता येतं ना उष्णता वाहून नेता येते. वेग वाढला की हे घुसळणं वेगाच्या कितीतरी पट वाढतं. काही गाड्यांत गिअर बॉक्स आणि ट्रान्सफर केस एकमेकांना चिकटून बसवलेल्या असतात आणि मधलं सील गेलं की एकातलं तेल दुसऱ्यात झिरपतं. जुन्या जीपमध्ये हे सर्रास होतं. एकात कमी आणि दुसऱ्यात जास्त सापडलं तर ते गळालं असं समजू नका, शेजारी गेलं असेल. दोन्ही प्लग एकाच वेळी उघडून बघायची सवय लावा.

कुठलं: तुमच्या मिस्त्रीने १४० नंबर भरलं ते आवाज दाबायला. आवाज थोडा दबतोही. पण जाड तेल घुसळायला जास्त ताकद लागते आणि तीही उष्णताच होते. पुस्तकात ९० लिहिलं असेल तर ९०. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ८५डब्ल्यू-१४० चालतं असं सांगणारेही चांगले मिस्त्री आहेत, मी त्यांच्याशी भांडत नाही, पण तापण्यावर औषध म्हणून ते भरू नका. दुसरं, डब्यावर तेलाची प्रत जीएल-४ आहे की जीएल-५ ते वाचा. जीएल-५ मध्ये दातांवरचा दाब सोसायला गंधक-फॉस्फरसची पुडी जास्त असते. ती डिफरन्शियलला उत्तम, पण केसमध्ये ब्राँझचे बुश किंवा वॉशर असतील आणि केस गरम राहत असेल तर काही जीएल-५ तेलं पिवळ्या धातूला खातात. मी जुन्या केसमध्ये जीएल-४ घालतो.

आणि तेल काढलं की ते फेकू नका. माझ्या बायकोची मुरंब्याची एक बरणी कायमची गॅरेजात आली आहे, तिच्यासाठी मी बोलणीही खाल्ली आहेत. काढलेलं तेल त्यात ओततो आणि उन्हात धरतो. काळपट पण स्वच्छ असेल तर ते नुसतं जुनं आहे. तळाशी राखाडी लोण्यासारखा गाळ, जो बोटांत चोळला तर टोचत नाही, तो दातांची नेहमीची झीज. सोन्याच्या चुऱ्यासारखी चमक दिसली तर ब्राँझ जातंय. आणि नखाच्या कडेएवढे चपटे तुकडे आले तर बेअरिंगचा किंवा दाताचा पापुद्रा निघालाय, तेव्हा मात्र खोला, आणि लगेच. तुमच्या दोन्ही मिस्त्रींनी काढलेलं तेल पाहिलं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. गरम तेल मात्र लगेच काढू नका. शंभर अंशांचं तेल कोपरापर्यंत ओघळलं तर काय होतं त्याची खूण माझ्या उजव्या हातावर आहे.

आता बेअरिंगं. तुमच्या केसमध्ये ती नवी घातली आहेत, म्हणून मला थोडी काळजी वाटते. टेपर (निमुळत्या रोलरांचं) बेअरिंग असलेल्या शाफ्टचा प्ले, म्हणजे हलायची जागा, शिम (पातळ चकत्या) घालून ठरवतात. जुन्या शिम तशाच ठेवून नवीन बेअरिंग बसवलं, किंवा कव्हरखालची पॅकिंग जुनीपेक्षा पातळ कापली, की बेअरिंग आवळलं जातं. पॅकिंगचा कागद एक दशांश मिलिमीटरने बदलला तरी फरक पडतो. काही मिस्त्री मुद्दाम आवळतात, "प्ले काढला" म्हणून अभिमानाने सांगतात. बेअरिंग गरम झाल्यावर फुगतं, त्याला जागा हवी. जागा नसली की ते स्वतःला आणखी तापवतं. हे ओळखायला हजाराच्या आसपास मिळणारी इन्फ्रारेड टेंपरेचर गन घ्या. घाट चढून आल्या आल्या, गाडी बंद करून, केसवर पाच जागी मोजा: इंजिनाकडचं बेअरिंग, मागचं, पुढच्या शाफ्टचं, मधल्या शाफ्टचं झाकण आणि तळ. सोबत गिअर बॉक्स आणि मागचा डिफरन्शियलही मोजा. चमकत्या ॲल्युमिनियमवर ही गन खोटं, कमी तापमान दाखवते, म्हणून तिथे आधीच काळी इन्सुलेशन टेप चिकटवून तिच्यावर नेम धरा. सगळी केस सारखी गरम असेल तर दोष तेलाचा, भाराचा किंवा पिळाचा. एकच जागा बाकीच्यांपेक्षा १५-२० अंश वर असेल तर त्या जागेचं बेअरिंग आवळलंय किंवा फुटतंय. आणि गिअर बॉक्सही केसइतकाच गरम असेल तर गाडीवर मालच जास्त आहे. तो आकडा मला सांगू नका, वजनकाट्याला सांगा.

आमचे उस्ताद गन नसताना पाण्याने मोजायचे. ओल्या बोटाने थेंब झटकायचा. नुसता पसरून सुकला तर शंभराच्या आत, चुर्र करून उकळला तर शंभराच्या वर. आणि थेंब तव्यावरच्यासारखा नाचायला लागला तर, ते म्हणायचे, "गाडी सोड आणि आग विझवायची बाटली आण." एक-दोन थेंबांपर्यंत ठीक. तापलेल्या केसवर बादली ओतू नका, बिडाला तडा जातो.

याच उस्तादांकडून मी माझी सगळ्यांत लाजिरवाणी चूक शिकलो. एक ट्रक तापतो म्हणून मी केस उतरवली. तीन दिवस गेले. आत सगळं ठणठणीत. परत बसवली, परत तापली. उस्ताद आले, खाली गेले नाहीत, नुसते बाजूला उकिडवे बसले आणि सायलेन्सरकडे बोट दाखवलं. कुणा वेल्डरने नवीन पाइप लावताना तो केसपासून चार बोटांवरून नेला होता. मूळ पाइप हातभर लांबून जात होता आणि मधे पत्र्याची आडवी ढाल होती. ती ढाल गायब होती. तेव्हापासून मी आधी पाइप बघतो. तुमच्या गाडीचा सायलेन्सर लिलावानंतर बदलला असेल, आणि बहुतेक बदललेला असतोच, तर तेवढं बघून घ्या.

बाकीच्या गोष्टी मी पटकन उरकतो, कारण त्या तुमच्याकडे असण्याची शक्यता कमी. केसवर दोन बोटं जाड चिखल-ग्रीसचा थर असेल तर ती गोधडी आहे, खरवडा. शाफ्ट बसवताना सरकता सांधा एक दात चुकला आणि दोन्ही टोकांचे योक (फाटे) एका रेषेत नसले तर थरथर येते आणि बेअरिंगं जातात. दोर बांधून गाडी लांब ओढत न्यायची असेल तर प्रोपेलर शाफ्ट काढा, कारण काही केसेसमध्ये न्यूट्रलला वरच्या गिअरपर्यंत तेल उडत नाही. आणि केसवरून पीटीओ (बाहेरचं यंत्र चालवायचा शाफ्ट) काढून बोअरवेलचं मशीन किंवा क्रेन चालवत असाल तर गाडी उभी असते, वारा शून्य, तेव्हा तासा-तासाने मोजा.

इंजिन बदलून वेगवान घातलं असेल तर तो निराळा प्रश्न. शक्तिमान जर्मन एमएएन कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला १९५९ पासून बनू लागला आणि १९९६च्या सुमारास थांबला. म्हणजे तुमची गाडी सर्वांत तरुण धरली तरी तिशीच्या आसपास, आणि तिची केस ज्या रस्त्यांसाठी बनली त्यांवर आजच्या बायपासचा वेग नव्हता. मोकळा रस्ता दिसला की ड्रायव्हर पाय दाबतो. न दाबलेला बरा.

लोक ऑइल कूलर लावायचं सुचवतात. लावता येतो, पण त्याला पंप लागतो, नळ्या लागतात, गळतीच्या चार नव्या जागा होतात. ताप आला म्हणून बर्फ ठेवण्यासारखं आहे ते. आधी ताप का आला ते तर बघा.

तेव्हा तुम्ही असं करा. पहिल्यांदा टेप घेऊन टायरं मोजा. मग १४० काढून ९० घाला, ओठापर्यंतच, आणि काढलेलं तेल बाटलीत ठेवा. ब्रीदर फुंकून बघा, हँडब्रेक आणि पाइप बघा. ड्रायव्हरला सांगा की शेतातून रस्त्यावर चढताना, डांबर लागायच्या आधी, मातीतच दोन हात मागे घेऊन लिव्हर सोडायचा आणि खाली वाकून पुढचा शाफ्ट खरंच सुटलाय का ते बघायचं. गाडी उभी असताना, चाकांना ठोकळे लावून, पुढचा शाफ्ट हाताने थोडाफार हलला पाहिजे. मग गन घेऊन एक फेरी मारा, पाचही आकडे आणि बाहेरचं तापमान लिहून ठेवा. पुढच्या फेरीला पुढचा शाफ्ट काढून तेच करा. दोन्ही फेऱ्यांचे आकडे सारखेच आले, तर केस खोलायची वेळ आली असं मीही म्हणेन. पण बदलायची नाही. मायापुरीतून येणारी केसही कुठल्या तरी अशाच ट्रकची असणार, आणि ती तिथे का पोचली ते तुम्हाला कुणी सांगणार नाही.

इंदूरला येणं होईल तेव्हा गाडी घेऊन या, बाटली आणि आकड्यांचा कागद सोबत आणा. आणि आणताना खालून धुऊन आणू नका. तेल कुठून निघून कुठे ओघळलंय ते चिखलावरच नीट दिसतं.